कोंडशेतच्या मैदानातला वळसा

विठ्ठलवाडीच्या डेपोमागच्या प्लॉटवरून समुद्र दिसतो, असं तिसऱ्या वर्षाच्या सात मुलांनी सुबक अक्षरात लिहून दिलं होतं. ‘व्ह्यू’ या रकान्यात. सातही तक्त्यांवर निळा बाण आणि बाणाच्या टोकाला लाटा. यशोधरा मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. लाटा होत्याच.

त्या प्लॉटवरून दिसतात चाळींचे पत्रे, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी आणि पलीकडे उल्हासनगरच्या इमारतींच्या पाठी. समुद्र कुठून आला हे शोधायला फार अक्कल लागली नाही. आदल्या वर्षी कुणीतरी अलिबागच्या जागेचा तक्ता केला होता. तो व्हॉट्सअ‍ॅपवरून सात घरी फिरला आणि फिरताना आपला समुद्र बरोबर घेऊन आला.

“जागेवर कोण कोण गेलं होतं?” तिने विचारलं.

सातांनी एकमेकांना कोपरं मारली. शेवटी एक जण म्हणाला, “मॅडम, गूगलवर गेलो होतो.”

यशोधरेने कपाळाला हात लावला. अंबरनाथच्या या कॉलेजात ती बावीस वर्षं लँडस्केपच्या मुलांना साइट अ‍ॅनालिसिस शिकवत होती, म्हणजे जागेवर काही बांधण्याआधी, लावण्याआधी, ती जागा नीट वाचायची कशी ते. त्यासाठी तिने स्वतः खपून चोवीस संज्ञांची एक यादी केली होती. उतार कुठे पडतो, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, दुपारी सावली कुणाची, वारा कुठला, माती कसली, माणसं कुठून चालतात. प्रत्येक संज्ञेपुढे दोन ओळींची व्याख्या. मुलं ती यादी घडाघडा म्हणत. मायक्रोक्लायमेट म्हणजे काय, तर म्हणत. कंटूर म्हणजे काय, तर म्हणत. आणि तक्ता करायची वेळ आली की उंटावरून शेळ्या हाकायला बसत. पावसाचं पाणी चढावर चढलेलं तिने पाहिलं होतं. वारा तर दरवर्षी नैऋत्येकडूनच यायचा, कारण पहिल्या तक्त्यावर कुणीतरी तसा काढला होता. बावीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणी, आणि घडे दरवर्षी नवे.

“पुढचा तक्ता घरी बसून होणार नाही,” ती म्हणाली. “खरी जागा, खरं काम. प्रत्येकाने चालायचं आणि चालताना फोनवर ते नकाशावर रेघ उमटवणारं अ‍ॅप चालू ठेवायचं. रेघ दाखवली नाही तर मी तक्ता हातातही धरणार नाही.”

खरी जागा वर्गातल्या महेशने आणली. महेश राहायला बदलापुरात, कुळगावच्या जुन्या भागात, पण त्याचं मूळ गाव बारवी धरणाच्या रस्त्याला, कोंडशेत. तिथल्या ग्रामपंचायतीला गावच्या मैदानाचं काहीतरी चांगलं करायचं होतं: पक्की वाट, झाडं, बाकडी. निधी मंजूर होता, ठेकेदार ठरला होता, फक्त नकाशा कुणाकडे नव्हता. महेश म्हणाला, आमच्या मॅडम करून देतील. सरपंचांनी सांगून टाकलं, मॅडम दाखवतील तिथे वाट.

पहिल्या शनिवारी एक्केचाळीस मुलं आणि यशोधरा कोंडशेतला गेली. मार्च संपत आला होता. भाताची खाचरं कोरडी पडलेली, काही ठिकाणी पेरणीआधी जमीन भाजायला राबाचा पालापाचोळा पसरलेला. गावाच्या मधोमध मैदान. पूर्वेला डांबरी रस्ता आणि बसथांबा, पश्चिमेला बौद्धवाडी, तीस-बत्तीस घरं आणि एक छोटं विहार. या दोन टोकांच्या बरोबर मध्ये देऊळ, देवळापुढे पिंपळाचा पार, पारावर चार म्हातारे. विहाराच्या सावलीत मुलांना पाणी मिळालं आणि तिथूनच सगळ्यांनी, मॅडमनीही, फोनवर रेघ चालू करून चालायला सुरुवात केली. उन्हाने मुलं करवादली. एकीने विचारलं की उतार बसून मोजता येतो का. यशोधरेचा दिवस ‘चला’, ‘उठा’, ‘तिकडे बघा’ म्हणण्यातच संपला.

मात्र दहा दिवसांनी महेशचा तक्ता आला आणि तिला खुर्चीत सरळ बसावं लागलं.

कोंडशेतची जागा आणण्याआधी हा मुलगा तिच्या लक्षातही राहिला नव्हता. मागच्या बाकावरचा, कॅप उलटी घालणारा. त्याने सहा दिवस सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात बसथांब्याजवळ बसून माणसं मोजली होती. कोण कुठून येतं, किती पावलं चालतं, सावलीला थांबतं का. ओहोळाचं पाणी पावसात कुठपर्यंत येतं ते त्याने देवळाच्या मागच्या भिंतीवरच्या डागांवरून काढलं होतं. वारा नैऋत्येकडून नव्हता. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या तरी तक्त्यावर वारा आपल्या मनाने वाहत होता. यशोधरेला इतका आनंद झाला की तिने स्टाफरूममध्ये दोघांना बोलावून तक्ता दाखवला.

मग तिची नजर तांबड्या रेघेवर गेली.

तिच्या यादीतली अठरावी संज्ञा होती डिझायर लाइन. माणसांनी स्वतःच्या मर्जीने, पायांनी पाडलेली वाट, जी बहुधा सर्वांत जवळची असते. मुलांना ती सांगायची, नकाशा खोटा बोलेल, पायवाट बोलत नाही. बाग करणाऱ्याने आधी पायवाट बघावी आणि तिच्यावरच फरशी घालावी, उगाच शहाणपणा करू नये. महेशने तेच केलं होतं. गावातल्या घरांपासून पाराजवळून थांब्यापर्यंत एक सरळ वाट. आणि बौद्धवाडीपासून निघून, मैदान सोडून, देवळाच्या पाठीमागून ओहोळाच्या कडेकडेने जाऊन थेट रस्त्यालाच लागणारी दुसरी. तिच्यापुढे त्याने लिहिलं होतं: तीनशे अठरा पावलं. सरळ गेलं असतं तर एकशे त्रेचाळीस. दोन्ही वाटांवर फरशी. बौद्धवाडी आणि पार यांच्या मधलं गवत कुणी वापरत नाही, म्हणून तिथे तगरीचं दाट कुंपण.

तिने त्याला बोलावून घेतलं.

“हा वळसा कशामुळे?”

“माहीत नाही मॅडम. पहिल्यापासून आहे.”

“मध्ये चढ आहे?”

“नाही.”

“दगड? खड्डा? पाणी साचतं?”

“पाणी उलट मागे साचतं मॅडम. ओहोळाजवळ. पावसात घोट्याएवढा चिखल असतो.”

“मग चांगलं कोरडं मैदान सोडून माणसं चिखलातून दुप्पट कशाला चालतात? पाय काय वेडे आहेत?”

“सवय असेल,” महेश म्हणाला.

“सवय हे कारण नसतं. सवयीला कारण असतं. कोण कोण जातं या वाटेने?”

त्याने वही उघडली. “बौद्धवाडीतले. सगळेच. गावातले पारावरून येतात.” बसचं वेळापत्रक वाचावं तसं त्याने ते वाचलं आणि वही मिटली.

यशोधरेने तक्ता पुन्हा जवळ ओढला. तिला कळलं होतं. आकडे नसते तरी कळलं असतं, ती त्याच समाजातली होती. तिचे वडील अंबरनाथच्या कारखान्यात लागले म्हणून ती फ्लॅटमध्ये वाढली एवढंच. संताप इतका आला की तक्ता फाडावासा वाटला. पण रागवायचं कुणावर? एकवीस वर्षांच्या या पोराने जे दिसलं ते प्रामाणिकपणे मांडलं होतं, तेही तिनेच शिकवल्याप्रमाणे. पायवाटेवर फरशी घाला. दोन महिन्यांत त्या वळशावर फरशी बसेल, मधल्या गवतात तगर वाढेल, आणि मग कुणाला सरळ जावंसं वाटलं तरी जाता येणार नाही. आणि ते करणाऱ्या नकाशावर तिची सही असेल.

महेशला हे सांगायला हवं होतं. पण वर्गात हा विषय काढायचं तिने बावीस वर्षं टाळलं होतं. चोवीस संज्ञांत तो नव्हता.

“पुन्हा जा आणि विचार,” ती म्हणाली. “वळसा का, एवढंच.”

महेश जाऊन आला. पारावर त्याचे स्वतःचे आजोबा बसतात, धोंडिबा. ते म्हणाले, सवय. बौद्धवाडीत विचारलं, ते म्हणाले, सवय. “मी म्हटलं होतं ना मॅडम,” महेश म्हणाला, आणि तिला त्याच्या उलट्या कॅपचाही राग आला.

बुधवारी लेक्चर आटोपून ती स्वतः निघाली. बदलापूरहून रिक्षा, खड्डे, आणि वर रिक्षावाल्याची बडबड की मॅडम तुम्ही प्लॉट बघायला चालला असाल तर माझ्याकडे एक आहे. कोंडशेतला उतरली तेव्हाच तिचं डोकं तापलेलं होतं. देवळामागच्या वाटेवर तिला भिमाबाई भेटली. पंच्याहत्तरीची, काटक, डोक्यावर रेशनच्या तांदळाची गोणी. पायात रबरी चपला, अंगठ्याला तारेने बांधलेल्या.

“जय भीम, मावशी. द्या ती गोणी.”

“जय भीम. र्‍हाऊ दे. तुला नाय झेपायची.” भिमाबाईने तिला नीट पाहून घेतलं. “तू ती पोरांना उन्हात फिरवणारी बाई ना?”

“हो. मावशी, तुम्ही मैदानातून सरळ का नाही जात?”

“जाते की. ही काय जातेय.”

“ही मागून. मी पारावरून म्हणते.”

“तिकडनं कशाला जायचं?”

“कारण ते जवळ आहे.”

“मला कुठं घाई हाय?”

“कोणी अडवतं का?”

“कोण अडवील? त्ये दिवस गेले.”

“मग जा ना सरळ.”

भिमाबाईने गोणी एका बांधावर टेकवली. मंदमती माणसाला समजावून सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, “पोरी, माझी सासू हितनं गेली. मी लग्न होऊन आले तं तिनं मला हीच वाट दाखवली. माझ्या सुना हितनं जातात. कुणी बोलत नाय, कुणी भांडत नाय. चाललंय ते चाललंय. तुला काय तरास हाय?”

“तुम्ही घोटाभर चिखलातून चालता याचा त्रास आहे.”

“मंग हितं फरशी टाक की. चिखल बी जाईल आन तुझा तरास बी.”

 हेच तर महेशने केलं होतं. यशोधरा तशीच पारावर गेली. धोंडिबाने सरकून जागा केली, तंबाखूची चंची आवरली.

“बाबा, बौद्धवाडीतली माणसं इथून का जात नाहीत?”

“आमी कुणाला अडवत नाय, म्याडम,” धोंडिबा लगेच म्हणाला. इतक्या लगेच की उत्तर बरेच दिवस तयार असावं. “त्यांनी यावं, जावं. मैदान काय आमच्या बापाचं हाय?”

“पण कधी सांगितलं का त्यांना, की या म्हणून?”

म्हातारा पिंपळाकडे पाहू लागला. “सांगायचं काय त्यात. त्यांनाच नको असंल.”

हे म्हणणार आम्ही अडवत नाही, ते म्हणणार आम्हाला जायचं नाही. दोन्हीकडे गोडवा, कुठेही वाकडा शब्द नाही, आणि मध्ये कुणाचंच पाऊल न पडलेलं गवत. भांडणारा एखादा निघाला असता तर यशोधरेला बरं वाटलं असतं. भांडायची तिची तयारी होती. पण इथे कुणी दारच लावलेलं नव्हतं, मग धक्का देणार कशाला? परतीच्या रिक्षात ती भिमाबाईवरच जास्त चिडली. पारावरच्यांचं एक वेळ समजून घेता येईल, त्यांचं काय जातं? पण स्वतःच्या पायांनी, कुणी न सांगता, रोज पावणेदोनशे पावलं जास्त चालायचं आणि वर विचारायचं, तुला काय त्रास आहे. एवढी चळवळ झाली, विहार झालं, पोरं शिकली, आणि पाय अजून सासूच्या मागे.

गुरुवारी उल्हासनगरहून ठेकेदार भूपेशचा फोन आला. फरशीचं काम त्याच्याकडे होतं.

“मॅडम, शनिवारी सकाळी चुन्याची फक्की मारायला येतो. रेघ एकदा पडली की काम चालू. पंचायतवाले बोलले मॅडम जिधर बोलेंगी उधर. तर किधर मारू?”

“वाट सरळ येईल. बौद्धवाडीतून पारापर्यंत.”

“पण मॅडम, तुमच्याच पोराने नकाशा भेजा है, त्यात तर पीछे से है. आणि पब्लिक पण पीछे से जाते. मी बघून आलो. लोग जिधर से जाते नहीं उधर फरशी टाकली तर गवत उगेल वरती, मग लोक मलाच बोलणार.”

“मी येते शनिवारी,” ती म्हणाली.

भूपेशचं म्हणणं खोटं नव्हतं आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. सरळ वाटेच्या बाजूने तिच्याकडे एकही आकडा नव्हता. सहा दिवसांत एकही पाऊल नाही. दुसऱ्या कुणी असा नकाशा आणला असता तर तिनेच तो परत केला असता.

शुक्रवारी महेश लॅपटॉप घेऊन स्टुडिओत आला. पहिल्या शनिवारी सगळ्यांच्या फोनवर उमटलेल्या रेघा त्याने एका नकाशावर एकत्र केल्या होत्या. तो खुशीत होता.

“मॅडम, सरळ वाटेला पुरावा मिळाला. आपली मुलं सगळी सरळ गेली आहेत. ही बघा, पिवळी.”

एक्केचाळीस पिवळ्या रेघा विहारापासून निघून गवतातून, पाराजवळून थेट थांब्याला पोचत होत्या. एखादी सावलीला वळली होती, एक पाणीपुरीच्या गाडीकडे. पण मैदानाला वळसा कुणीच घातला नव्हता.

“आणि ही हिरवी कुणाची?” यशोधरेने विचारलं. हिरवी रेघ एकटीच देवळाच्या मागून, ओहोळाच्या कडेने गेली होती.

“ती तुमची, मॅडम.”

तिने वाकून पाहिलं. विहार, मागचा बांध, ओहोळ, देवळाची मागची भिंत, थांबा. कुठेही अडखळलेली नाही, शोधत फिरलेली नाही. पायाखालची असावी तशी वाट.

“मी ओहोळ बघायला गेले होते,” ती म्हणाली.

“हो का? पण येताना पण तिकडूनच आहे.” महेशने रेघ मोठी करून दाखवली. त्याच्या आवाजात काहीच नव्हतं, तो फक्त नकाशा वाचत होता. “दोनदा बघितला का ओहोळ?”

“हो. दोनदा.”

विद्यार्थ्याशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली. महेश लॅपटॉप तिथेच ठेवून चहाला गेल्यावर ती त्या पडद्यासमोर बसून राहिली. त्या दिवशी आपण कुठून चाललो हे तिला खरोखरच आठवत नव्हतं. आठवत होतं ते आजोळ. पाच-सहा वर्षांची असताना आईचं बोट धरून, गाव आलं की बाजूला वळायचं. आई काही सांगायची नाही, नुसता हात जरा घट्ट धरायची. त्या घट्ट धरण्यावरून तिला कळायचं की आता इकडून. आज आई नाही, आजोळी जाऊन चाळीस वर्षं झाली, आणि कोंडशेतला ती त्याआधी कधी पाऊलही ठेवायला गेली नव्हती. तरी पाय गेले. भिमाबाईला जो प्रश्न तिने तावातावाने विचारला होता तो तिने स्वतःला विचारून पाहिला. कोणी अडवलं? कोणी नाही. मग? तिला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

शनिवारी ती आठ वाजता बौद्धवाडीत हजर होती. भूपेश टेम्पो घेऊन आलेला, त्याचा माणूस फक्कीचं पोतं उघडून बसलेला. महेश टेप घेऊन पाराशी उभा. पारावर धोंडिबा आणि त्याचे सोबती. विहारापाशी भिमाबाई दात घासत होती, आणखी दहा-बारा बाया-पुरुष दारात उभे राहून बघत होते.

“मावशी, चला माझ्याबरोबर,” यशोधरा म्हणाली. “आपण पुढे चालू, तो मागून रेघ मारील.”

“मी नाय येत.”

“मावशी, आजचा दिवस. नाहीतर तिथे कुंपण होईल.”

“हू दे. मेल्यावर न्या मला सरळ. तवा चौघांच्या खांद्यावर असंन, माझे पाय कुठं दुखणार?” दारातले दोघे-तिघे हसले. भिमाबाईने चूळ भरली आणि पाठ फिरवली.

“मॅडम,” भूपेश म्हणाला, “ऊन चढतंय. बोलो.”

“माझ्या मागून मारत या,” यशोधरा म्हणाली आणि गवतात शिरली.

पहिली साठ-सत्तर पावलं काही वाटलं नाही. मागे फक्कीची पांढरी रेघ येत होती, भूपेशचा माणूस वाकून डब्यातून ती सोडत होता. मग पार जवळ आला. म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं. कुणी काही म्हणालं नाही, कुणी डोळे वटारले नाहीत, धोंडिबाने तर मान हलवून नमस्कारही केला. याच पारावर ती बुधवारी बसली होती. पण तेव्हा ती रिक्षातून उतरून, रस्त्याच्या बाजूने, मॅडम म्हणून आली होती. आज ती बौद्धवाडीतून चालत येत होती. पारापासून वीसेक पावलांवर तिचे पाय थांबले. उचलू म्हटलं तर उचलेनात. एम.आर्क. झालेली, बावीस वर्षं शिकवणारी बाई भर उन्हात गवतात खांबासारखी उभी, आणि आजूबाजूला सगळं गाव बघतंय. तिला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांपुढे अंधारल्यासारखं झालं.

“रुकू का मॅडम?” भूपेशने विचारलं.

 मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. फक्कीवाला डबा ठेवून खाली बसला.

मागून बौद्धवाडीच्या बाजूने आवाज आला. “अगं ये बाई, उन्हात कशाला ताटकळलीस? घेरी येऊन पडशील.”

भिमाबाई येत होती. पदर खोचलेला, हातात पाण्याचा तांब्या, तोंडाने पुटपुट चाललेली. आली ती थेट, फक्कीच्या रेघेवरून, गवत तुडवत. “शिकलेल्या बायांचं हे असं. झेपत नाय ते करायला जायाचं. आता हिला घेऊन यायला बी मीच.” दारातली माणसं एकेक पाऊल पुढे सरकली.  लग्न होऊन आल्यापासून भिमाबाईने त्या गवतावर पाय ठेवला नव्हता, आणि आज ठेवला तो एका परक्या बाईला ऊन लागेल म्हणून.

यशोधरेपाशी पोचून भिमाबाईने तांब्या तिच्या हातात दिला. “पी. आन चल पुढं. आता आलेच हाय तं चल.”

यशोधरा पाणी प्याली. भिमाबाई वाकली. तारेने बांधलेल्या दोन्ही चपला तिने पायातून काढल्या, तळव्याला तळवा लावून डाव्या हातात धरल्या, उजव्या हाताने पदर डोक्यावर नीट ओढून घेतला, आणि पाराच्या दिशेने अनवाणी चालू लागली. देवळाकडे किंवा कुणाकडे न बघता, खाली मान घालून, भराभर.

“आजी, चपला घाला,” महेश टेप टाकून पुढे आला. “गवतात सराटे आहेत. पायात जातील.”

भिमाबाईने ऐकलं नाही. ती पारासमोरून गेली. पारावरचे तिघे इकडेतिकडे बघू लागले. धोंडिबाची मान खाली गेली ती वर आलीच नाही. तो स्वतःच्या पायांतल्या वहाणांकडे पाहत होता. रस्त्याला लागल्यावर भिमाबाईने चपला खाली टाकल्या, पायात सरकवल्या आणि तिथूनच ओरडली, “ये की लवकर.”

यशोधरेचे पाय सुटले. ती चालत पारापर्यंत आली, आणि तिच्यामागून फक्कीची रेघ आली. महेश तिच्या बरोबरीने चालत होता. त्याच्या कपाळावर आठी होती, तक्ता जुळत नसला की पडायची तशी.

“मॅडम,” त्याने हळूच विचारलं, “त्यांनी चपला का काढल्या?”

उत्तर तिला येत होतं. दोन ओळींत, व्याख्येसारखं सांगता आलं असतं. तिने पाराकडे पाहिलं.

“तुझ्या आजोबांना विचार,” ती म्हणाली, आणि तो विचारायला जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.